आत पाठवू का?

तो मोठा दिवा मालव आधी, डोळ्यांवर येतोय. हां. आता बसा.

उद्या सकाळी तुम्ही दोघं ते उंच भिंतीच्या आतल्या वसाहतीतलं घर बघायला जाणार, असं तुझी आई म्हणाली. जा की. मी कशाला मोडता घालू? बाग आहे, पोहायचा तलाव आहे, गेटवर चोवीस तास माणूस आहे, पोरं रस्त्यात बिनधास्त सायकल फिरवतील. सगळं खरंय. जावईबापू, हसू नका, ते जाहिरातीचं पान मी तुमच्याआधी वाचलंय. पण जायच्या आधी खडूच्या घरी काय झालं तेवढं ऐका आणि मग काय ते ठरवा. ऐकीव गोष्ट नाही ही. त्या रात्री उजाडेपर्यंत मी त्याच्या घरात होतो.

खडू म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. दातांच्या कवळ्या बनवायचा. दिवसभर प्लास्टरमध्ये हात, संध्याकाळी भुवयांपर्यंत पांढरा होऊन घरी यायचा, म्हणून खडू. घरात बायको, म्हणजे माझी वहिनी, एक शाळकरी मुलगी आणि वडील. वडिलांना मी काका म्हणायचो. काकूला जाऊन तीन वर्षं झाली होती.

काकू इस्पितळात नर्स होती. जन्मभर संध्याकाळची पाळी. अकराला दहा कमी असताना शेवटची बस यायची, त्या बसने ती उतरायची आणि काका तिला घ्यायला स्टॉपवर जायचे. थंडी असो, पाऊस असो, स्वतःला ताप असो. काकू चिडायची, म्हणायची मी काय लहान पोर आहे का, रस्ता चुकेन? काका म्हणायचे, तू नाही चुकणार, मला झोप येत नाही.

काकू गेली आणि वर्षभरात काकांची आठवण दगा द्यायला लागली. आज काय खाल्लं ते आठवेना, नातीचं नाव आठवेना. आणि काकू गेलेली, तेही आठवेना. एके रात्री त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि निघाले स्टॉपवर. बाकावर बसले. शेवटची बस आली, गेली. मग उठले आणि घराकडे चालायला लागले, मान एका बाजूला वळवून, हळूहळू बोलत. दारात येऊन म्हणाले, "आलो गं आम्ही." दोन घास खाल्ले आणि शांत झोपले.

मग ते रोजचंच झालं. गल्लीतली माणसं हसायची. खडू म्हणायचा, हसू देत, म्हातारा सुखात आहे ना, बास. मी एकदोनदा मागून गेलोय त्यांच्या. शेजारी कुणी नव्हतं. पण चालताना ते रस्त्याच्या कडेने चालायचे नाहीत, कडेला एका माणसाची जागा सोडून चालायचे.

हे असंच चाललं असतं. पण एका रात्री काका रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभे राहिले. येत होता ट्रक, यांना वाटली बस. ड्रायव्हरने कसाबसा ब्रेक मारला म्हणून थोडक्यात वाचले. त्या रात्री वहिनी रडली आणि मग ठामपणे बोलली. बाबांना घरात कोंडता येत नाही आणि रस्त्यावर सोडता येत नाही, तर असं घर बघू जिथे रस्ताच आपला असेल. चुकलं काय तिचं? तिला कैदाशीण करून टाकू नका मनात. सासऱ्यांची नखं कापणारी बाई आहे ती.

गावाबाहेर एक नवी वसाहत झाली होती. उंच भिंत, आत सारखी दिसणारी घरं, एकच गेट. त्यातल्या एका घराचा मालक परदेशात होता. तो म्हणाला, महिनाभर भाड्याने राहून बघा, घरच्यांना मानवलं तर विकत घ्या. यापेक्षा शहाणपणाचं काय असतं? जानेवारीच्या पहिल्या रविवारी सामान हललं. पोरगी दुसऱ्या दिवशीच सायकलवरून घरी यायला तयार नव्हती. वहिनीला वर्षात पहिल्यांदा गाढ झोप लागली. दिवसा काका बागेत फिरायचे, कुणी ना कुणी त्यांना हाताला धरून घरी आणून सोडायचं.

भानगड रात्रीची होती. दहा वाजले की काका चपला शोधायचे. गेटवाल्यांचं म्हणणं पडलं की अंधारात आजोबांना तिकडे सोडू नका, गाड्या येतात. म्हणून वहिनीने दाराला वरच्या अंगाला कडी बसवून घेतली, त्यांचा हात पोचणार नाही अशी. काका दारापाशी उभे राहायचे. दार हलवायचे नाहीत, ओरडायचे नाहीत. नुसते उभे. मग म्हणायचे, "तिला उशीर झाला वाटतं."

पाचव्या का सहाव्या रात्रीची गोष्ट. स्वयंपाकघरात गेटचा फोन असतो ना भिंतीवर, तो वाजला. खडूने उचलला. गेटवरचा माणूस म्हणाला, "साहेब, एक वयस्क बाई आल्यात. तुमच्याच घरच्या म्हणतात. आत पाठवू का?"

खडूला वाटलं घर चुकलं असेल. नाव विचार म्हणाला. तो म्हणाला, नाव सांगत नाहीत, घ्यायला कुणी आलं नाही म्हणतात. खडूने सांगितलं, आमच्याकडे कुणी यायचं नाहीये. फोन ठेवला. घड्याळात अकरा वाजून गेले होते.

दुसऱ्या रात्री पुन्हा फोन. तीच बाई. या वेळी खडू स्वतः गेटवर गेला. बाहेर कुणी नाही. लांबवर नुसता रस्ता, दिव्याखाली मोकळा. गेटवाला गोंधळला. आत्ता इथे होत्या म्हणाला. फार दमलेल्या दिसत होत्या, इकडे बस येत नाही म्हणून चालत आल्या असतील. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. एवढंच विचारत होत्या की ते जेवले का.

खडू तसाच माघारी फिरला. घरी येऊन कुणाला काही बोलला नाही. अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहिला.

तिसऱ्या रात्री तो फोनपाशीच उभा होता. काका दारात, हा स्वयंपाकघरात. फोन वाजला. गेटवाला म्हणाला, साहेब, त्या ऐकत नाहीत, तुम्हीच बोला. आणि त्याने फोन तिच्या हातात दिला.

आधी काहीच नाही...

नुसता श्वास. चढ चढून आल्यासारखा.

मग आवाज. हळू.

"मी आलेय रे. घर सापडत नव्हतं..."

तिचाच आवाज, जावईबापू. जन्मदात्या आईचा. चुकेल कसा?

मला हे सांगताना खडू चाळिशी उलटलेला माणूस हुंदके देऊन रडला. म्हणाला, आई होती रे ती, पण मी घाबरलो. पोरगी आत झोपली होती, बायको झोपली होती, आणि माझ्या तोंडातून शब्द गेले.

"इथे तुमचं कुणी राहत नाही."

...




मग ती म्हणाली, "बरं."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्यानंतर फोन वाजला नाही. एक रात्र, दोन रात्री. खडूला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग त्याने काकांकडे पाहिलं. म्हातारा दारापाशी उभा राहायचा, पण आता "उशीर झाला" म्हणेना. काहीच म्हणेना. घास तोंडात धरून बसायचा, गिळायचा नाही. दोन वर्षं ज्याला बायको मेल्याचं आठवत नव्हतं, त्याला ते आता कळलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी कळलं होतं. डॉक्टर येऊन गेले. वय झालंय म्हणाले. वहिनी भरवायला बसायची आणि ताट तसंच उचलून आत नेताना तिला रडू फुटायचं.

जानेवारीतला तिसरा शनिवार. कडाक्याची थंडी. खडूने रात्री साडेदहाला वहिनीला सगळं सांगितलं, फोनचं, आवाजाचं, आणि आपण काय बोललो ते. ती ऐकून घेत राहिली. मग स्टूल ओढलं, वर चढली आणि स्वतःच्या हाताने दाराची कडी काढली. म्हणाली, "बाबांना घेऊन जा गेटवर. आणि त्या आल्या तर त्यांना घरी आणा. मी भात लावते."

मी पुन्हा सांगतो, तिला नावं ठेवू नका.

खडू काकांना धरून गेटपर्यंत घेऊन गेला. मोठं सरकतं गेट, उभ्या लोखंडी गजांचं. गेटवाल्याने खुर्ची दिली. काका बसले. गजांतून बाहेर बघत राहिले. अकराला दहा कमी... अकरा... सव्वाअकरा. रस्ता मोकळा. खडू मनातल्या मनात म्हणत होता, ये गं. एकदा ये. चुकलो मी.

काका थरथरायला लागले. खडू म्हणाला, चला बाबा, उद्या येऊ. तर काकांनी कित्येक दिवसांनी तोंड उघडलं. "तू जा, झोप. मी घेऊन येतो तिला."

म्हणून तो शाल आणायला घरी गेला. जाऊन यायचं तेवढ्यापुरता. शाल हातात घेतली आणि फोन वाजला.

खडू धावला. कानाला लावायच्या आधीच ओरडला, "पाठवा! आत पाठवा तिला! आमचीच आहे ती!"



पलीकडे गेटवाला.

"साहेब... बाहेर कुणीच नाहीये. आजोबा उठून उभे राहिलेत. उघडा म्हणतात, ती थकून आलीय म्हणतात. पण बाहेर कुणी नाही, साहेब. मी काय करू?"

"उघड! अरे उघड गेट!"

खडू पळाला. गेट सरकायला लागलेलं त्याला लांबून दिसलं. हातभर सरकलं आणि थांबलं. गेटवाल्याने थांबवलं होतं, कारण काका गजांना टेकून उभे होते आणि त्यांचा एक हात खांद्यापर्यंत बाहेर होता. सरकवलं असतं तर हात चिरडला असता.

खडूने हाक मारली. बाबा...

काका वळले नाहीत.

मला त्याचा फोन आला तेव्हा बारा वाजायचे होते. मी पोचलो तोवर त्यांना घरात आणून निजवलं होतं. भात गॅसवर तसाच होता. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, थंडीत असं होतं. असेलही.

त्यांनी घर घेतलं नाही. महिना संपायच्या आत परत आले जुन्या गल्लीत. पोरगी रुसली, दोन दिवसांनी विसरली. खडू अजून रोज रात्री स्टॉपवर जाऊन बसतो. शेवटची बस येते, थांबते, कुणी उतरत नाही. तो बसकडे बघतो आणि घरी येतो. आता त्याच्या शेजारी कुणी चालत नाही. मी विचारलंय.

तेव्हा घर बघा. नळ बघा, ऊन बघा, शाळा किती लांब ते बघा. आणि तुमच्याकडे कोण कोण येतं, त्याचाही विचार करा, एवढंच माझं म्हणणं.

काय? उजाडेपर्यंत तिथे काय झालं? नाही, ते सांगायचं नव्हतं मला. बरं, ऐक.

त्या रात्री मी काकांच्या उशाशी बसलो होतो. कपाळ थंड पडलेलं. पाय थंड, गजांच्या आत राहिलेला हात थंड. दुसरा हात वहिनी धरून बसली होती आणि सोडत नव्हती. पहाटे तिने माझ्याकडे पाहिलं आणि तो हात माझ्या हातात दिला. तिची स्वतःची बोटं गारठलेली होती.

जो हात गजांतून बाहेर गेला होता, तो.

गरम होता.