गोठ्यातला फोन

कॅरम अडकतो म्हणून महाडहून माणूस आणायचा, हे वाडीतल्या बायकांना कळलं असतं तर शिमग्यापर्यंत हसायला विषय झाला असता. म्हणून स्नेहलने कुणाला काही सांगितलं नाही. बाजाराची पिशवी काखेत मारली, सकाळची एसटी पकडली आणि महाडच्या बाजारपेठेतून सुनीलला सोबत घेऊनच ती परतली. सुनील कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. तोंडाने वटवट्या, पण हाताने चोख.

कॅरम म्हणजे इंटरनेटवरचा. पोलादपुरात ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं आणि वाडीत पहिलं कनेक्शन मालोजींच्या घरी लागलं होतं. त्यांचा मुलगा राहुल, म्हणजे स्नेहलचा नवरा, मस्कतला. लग्नानंतर महिनाभर राहिला आणि गेला. उरलेला संसार आता पडद्यावर चालायचा. तिकडे त्याची पाळी सुटायची तेव्हा इथे दिवेलागण झालेली असायची. मग दोघं कॅरम मांडायची, सोंगट्या मारता मारता खाली टाइप करून बोलायची. स्नेहलला दिवसभर या एका तासाची ओढ असे. नवी नवरी होती, त्यात लाजायचं काय?

गेल्या दोनेक महिन्यांत मात्र डाव पुरा होईना. दिवे लागले की स्ट्रायकर जागच्या जागी थिजायचा आणि राहुलच्या पडद्यावर अक्षरं यायची, 'समोरचा खेळाडू निघून गेला.' पहिल्यांदा तो हसला. मग चिडला. परवा त्याने लिहिलं होतं, 'कंटाळली असशील तर सरळ सांग, अशी उठून जाऊ नको. मग मी पण अजून दोन वर्षांच्या करारावर सही करून टाकतो.' ते वाचल्यावर स्नेहलने महाड गाठायचं ठरवलं.

सुनीलने दुपारभर सगळं तपासलं. मोडेम बदलून पाहिला, व्हायरस शोधला, वायर नवी घातली. मग पडद्यावर एक काळी चौकट उघडली. तिच्यात आकडे एकाखाली एक पडू लागले.

"इथून निघालेला निरोप तिकडे पोचून परत यायला किती वेळ लागतो ते हे आकडे सांगतात, वहिनी. आकडा लहान तितकं बरं. तुमची लाइन तर एकदम झकास आहे."

"दिवेलागणीला बघा," स्नेहल म्हणाली.

"का? लाइनला काय काळोखाची भीती वाटते?"

तरी तो थांबला. ओटीवर मालोजी पान चघळत बसले होते. बायको गेल्यापासून त्यांचं बोलणं आटलंच होतं. समोरचा डोंगर काळा पडला, स्नेहलने देवापुढे दिवा लावला आणि आत काळ्या चौकटीतले आकडे फुगायला लागले. फुगले, फुगले आणि थांबले. मोडेमचा हिरवा दिवा उघडझाप करू लागला.

सुनीलने शेजारच्या फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं.

"डायल टोन नाही... कुणीतरी फोन उचलून धरलाय. वहिनी, दुसरा फोन कुठे आहे?"

"दुसरा नाही."

"हाय," ओटीवरून मालोजी म्हणाले. "गोठ्यात."

स्नेहलच्या ते ध्यानातच नव्हतं. सासूबाई, धोंडूबाई, संध्याकाळी गाईखाली बसलेल्या असायच्या आणि राहुलचा फोन नेमका तेव्हाच यायचा. हातातली चरवी टाकून म्हातारीने किती धावायचं? म्हणून राहुलने मागे एका सुट्टीत ओसरीवरून तार ओढून गोठ्याच्या मेढीला जुना फोन ठोकून दिला होता. गोठ्यात फोन असलेली बाई म्हणून धोंडूबाईंची अख्ख्या वाडीत चेष्टा व्हायची आणि ती त्यांना आवडायचीही. पुढे इंटरनेट आलं, कॅरम आला आणि राहुलचा फोन विरळ झाला. आईला टाइप करता येत नव्हतं. त्या मात्र रोज दूध काढता काढता रिसीव्हर क्षणभर उचलून बघायच्या, फोन जिता हाय ना म्हणून. ऐन पावसाळ्यात दोन दिवसांच्या तापाने गेल्या. राहुलला रजा मिळाली नाही. गाय विकली आणि गोठ्याला कुलूप लागलं.

"मग बरोबर," सुनीलला उलट हायसं वाटलं. "फोन आणि इंटरनेट एकाच तारेतून येतात. घरातल्या फोनला दोन्ही वेगळं करणारी डबी आहे, गोठ्यातल्याला नाही. तो उचलला की इंटरनेट मेलंच. ओल धरली असेल आत. संध्याकाळी गारवा पडला की सुरू."

त्याने पुन्हा रिसीव्हर कानाला लावला. ऐकला आणि स्नेहलपुढे धरला. लांबून, नळीतून यावा तसा आवाज येत होता. चर्र... चर्र... चर्र... भांड्यात दुधाची धार पडत होती.

मालोजींनी कमरेच्या करगोट्याची चावी सोडून कुलूप काढलं. गोठ्यात पेंढ्याचा आणि जुन्या शेणाचा वास होता. फोन मेढीवर होता, रिसीव्हर जागेवर. फोनवर बोटभर धूळ. रिसीव्हरवर मात्र धुळीचा कण नव्हता. स्नेहलने हात लावला तर तो ओला आणि कोमट लागला. बोटं नाकाशी नेली, कच्च्या दुधाचा वास आला.

"ओल," सुनील म्हणाला. या खेपेला जरा हळू. त्याने पक्कड काढली.

"तोडू नको रे..." मालोजी म्हणाले. मग सुनेच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "बरं. तोड."

तार तुटली, गोठ्याला पुन्हा कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी डाव पुरा झाला. स्नेहल हरली आणि आनंदाने रडली. तिसऱ्या दिवशी दिवे लागले आणि हिरवा दिवा उघडझाप करू लागला.

या वेळी कुलूप काढून ती एकटीच आत गेली. मालोजी दारातच थांबले. तुटलेली तार जोडलेली होती. तांब्याची दोन टोकं एकमेकांत गुंतवून गाठ मारली होती, गाईचं दावं खुंट्याला बांधतात तशी, पण उलट पीळ देऊन.

"आप्पा, तुम्ही जोडलीत?"

मालोजींनी नाही म्हणून मान हलवली. आत यायला ते तयार नव्हते. "ती डावरी होती," ते म्हणाले. "तिची गाठ माज्यानं कदी सुटली नाय."

स्नेहलने तारेला हात लावला नाही. घरी आली आणि दुसऱ्या दिवशी दुपारीच, लाइन धड असताना, राहुलला सगळं लिहून पाठवलं. हसेल तर हसू दे, सही करायची तर करू दे, पण मी उठून जात नव्हते हे त्याला कळलंच पाहिजे.

उत्तर आलं नाही. संध्याकाळी, दिवा लावायच्या जरासं आधी, फोन वाजला.

"तू काय बोलू नको," राहुल म्हणाला. "नुसती धरून ठेव."

बाहेर काळोख उतरला. मग तारेत 'टक' झालं. गोठ्यातला रिसीव्हर उचलला गेला होता.

"आये," राहुलचा आवाज फाटला. "मी जेवलो. बरा हाय मी. काम पन बरं चाललंय. तुजं दूध काडून झालं असंल तर... ठेव आता."

चर्र... चर्र... आणि पुन्हा 'टक'.

त्या संध्याकाळी डाव शेवटपर्यंत झाला. मग तो नेमच पडला. आधी आईला फोन, मग कॅरम. माणसाला कशाचीही सवय होते. महिन्याभरात स्नेहलला त्या 'टक'चं काही वाटेनासं झालं. गोठा पुन्हा कुणी उघडला नाही. राहुलने करारावर सही केली, पण कंपनी बायकोलाही आणू देते हे कळल्यावर. शिमग्याला तो आला तो स्नेहलचा व्हिसा घेऊनच. पालखी नाचवून झाली की दोघांनी निघायचं ठरलं. स्नेहलने बॅगाही भरायला घेतल्या.

आल्याच्या दिवशी दोघं ओटीवर बसली होती. आज कॅरम नव्हता, फोनही नव्हता. नवरा शेजारी असताना कॅरम कुणाला हवाय? दिवेलागण झाली आणि आत मोडेमचा दिवा उघडझाप करू लागला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"वाट बघत असंल," राहुल म्हणाला. "जाऊन सांगून येतो तिला."

त्याने आप्पांकडून चावी घेतली आणि बॅटरी घेऊन मागे गेला. स्नेहल आत आली. तो आईला काय सांगतो, व्हिसाचं सांगतो का, ते तिला ऐकायचं होतं. तिने हळूच रिसीव्हर उचलला.

धार वाजत होती. चर्र... चर्र... मग राहुलचा आवाज आला, अगदी जवळून.

"होय आये. तू म्हनतेस तसं. नाय जात. मी पन नाय जात, ती पन नाय जात. हितंच ऱ्हातो आम्ही."

असं कसं हा परस्पर कबूल करतो? रिसीव्हर कानाशी तसाच धरून स्नेहल रागाने दाराकडे वळली, तर राहुल उंबऱ्यात उभा होता. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात चावी.

"कुलूप पार गंजलंय गो," तो म्हणाला. "चावीच फिरत नाय. घरात तेल हाय का जरा?"

तिच्या कानाशी तोच आवाज अजून बोलत होता.