नावावरचं टिंब

"दिली गो आक्का, दिली! बौद्ध म्हणून दिली!"

दत्ताराम दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर आला, तो हातातला लांबोडका लिफाफा नाचवतच! नायगावच्या बी. डी. डी. चाळीतला अख्खा मजला दारात येऊन उभा राहिला. एका हातात लिफाफा, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा आणि डोळ्यांत... काय नव्हतं त्याच्या डोळ्यांत! एम. एस्सी. झाल्यापासून ज्या शिष्यवृत्तीचा ध्यास घेतला होता ती मिळाली होती. इंग्लंडात दोन वर्षं राहून कापडाच्या रंगांचं रसायनशास्त्र शिकायचं, सगळा खर्च दिल्ली सरकारचा!

शेवंती भाकरी थापत होती. थोरल्या बहिणीनं खरं तर उठून भावाला मिठीच मारायची. पण तिचे हात पिठातच थिजले. बौद्ध म्हणून दिली?... बौद्ध म्हणून दिलेली नाही, हे त्या साऱ्या चाळीत एकट्या तिलाच ठाऊक होतं.

"अगो, बघतेस काय अशी? आ कर!" दत्तारामनं पेढा तिच्या तोंडात कोंबला. "सगळे म्हणत होते, धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिलंस तर दिल्लीवाले अर्ज हातात धरायचे नाहीत. धरला की नाही? मी तेव्हाच बोललो होतो, मिळो न मिळो, त्या रकान्यात जुनी जात लिहिणार नाही!"

"दत्तू, बुद्धजयंतीला तुझा सत्कार!" चाळीच्या मंडळाचा चिटणीस भिवा दारातूनच ओरडला. "मोठा फलक लावतो बघ नाक्यावर!"

त्यांची म्हातारी आई सुंदराबाई डोळे पुसत उठली आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं तिनं एक पेढा ठेवला. शेवंतीच्या तोंडातला पेढा मात्र काही केल्या गिळवेना.

माणसं पांगली तसा दत्ताराम खाटेवर बसून पत्र नीट वाचू लागला. "मागं नकला जोडल्यात वाटतं... तपासून, सर्व मजकूर खरा आहे अशी सही करून, पंधरा दिवसांत परत पाठवायच्या... ही डिग्री, हा जन्माचा दाखला, ही सरांची शिफारस... आणि हे—"

त्यानं तो कागद पुन्हा वरून वाचला. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी कुणी हललं नाही.

"आक्का," तो हलकेच म्हणाला, "हा कागद काय आहे?"

शेवंतीनं पिठाचे हात पदराला पुसले.

"इंग्रजी टाइप केलंय. मराठीत सांगू? आये, तूही ऐक. 'आम्ही हिंदू महार असून आमच्या कुटुंबाने धर्म बदललेला नाही. माझ्या भावाने अर्जात बौद्ध असे लिहिले ते नजरचुकीने.' आणि खाली सही... शेवती बुधाजी येलवे."

शेवती! 'व'वर टिंब नाही... अशी सही साऱ्या मुंबईत एकाच बाईची होती, आणि ती तिला शिकवली होती ह्याच दत्तारामनं! तीन वर्षांपूर्वी, मिलमधली पाळी सुटल्यावर कामाच्या कपड्यांवरच ती त्याच्यापुढं बसायची, तो तिचं बोट धरून नाव गिरवून घ्यायचा, आणि दर खेपेला ते टिंब राहून जायचं. 'आक्का, टिंब कुठं सांडलंस गो?' असं तो विचारायचा आणि दोघं पोट धरून हसायची. आज तीच सही त्याच्या हातात होती आणि तो तिच्याकडं अनोळखी बाईकडं बघावं तसा बघत होता.

"दत्तू, तू बेळगावला होतास रे!" तिला हुंदका फुटला. "सीमेच्या सत्याग्रहाला गेलास, तिकडं तुला धरलं, आणि इकडं दिल्लीची हरकत आली. ही शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या हिंदूंना, बौद्धांना नाही, हिंदू असाल तर पालकानं आठ दिवसांत तसं लिहून द्या, असं होतं त्यात. आठ दिवसांत मी तुला कुठं शोधू? वडील असते तर त्यांनी दिलं असतं लिहून... एक शब्द तर होता! मला वाटलं, कागदावर काय नि..."

"एक शब्द?" दत्ताराम ताडकन उठला. "दादर चौपाटीवर बाबासाहेबांच्या चितेसमोर आपण तिघं दीक्षा घ्यायला उभे होतो, आठवतं? लाखो माणसांत तुझा हात माझ्या हातात होता! ज्या शब्दातून त्यांनी आपल्याला बाहेर काढलं, त्याच शब्दात तू मला परत ढकललंस? आणि मी... मी साऱ्या चाळीला पेढे वाटून आलो! बौद्ध म्हणून दिली, बौद्ध म्हणून दिली, असा ओरडत आलो मी, शेवंतीबाई!"

शेवंतीबाई! जन्मात कधी त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. कानाखाली वाजवली असती तरी तिला इतकं लागलं नसतं. तो पायांत चपला सरकवून निघून गेला, आणि तिनं मोठ्या आशेनं आईकडं पाहिलं.

सुंदराबाईनं तसबिरीपुढचा पेढा उचलून कागदात गुंडाळला. "देव्हाऱ्यातले देवांचे टाक मी माझ्या हातानं समुद्रात सोडले, शेवंते," ती म्हणाली. "तुझ्या बापाचासुद्धा टाक होता त्यात. काळीज तुटलं माझं, पन सोडले. आनि तू कागदावर पुन्हा देव्हारा मांडलास?" एवढं बोलून तिनं भिंतीकडं तोंड केलं ते केलंच.

दोन दिवस दत्ताराम घरी आला नाही. कॉटन ग्रीनला मित्राच्या खोलीवर आहे एवढं भिवाकडून कळलं. दोन दिवस म्हातारीनं शेवंतीच्या हातचं काही खाल्लं नाही. स्वतःच उठून पेज करून प्यायली. शेवंती मात्र रोज कामावर गेली. मिलच्या वाइंडिंग खात्यात गुंडाळताना सूत तुटलं की गाठ मारायची, पुन्हा तुटलं की पुन्हा मारायची. तेरा वर्षं ती हेच करत आली होती. वडील गेले तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि दत्तू अकराचा. लालबागच्या कोंडीराम विणकरानं तिला मागणी घातली होती, चांगला निर्व्यसनी माणूस! 'दत्तू शिकेपर्यंत थांबा,' असं तिनं सांगितलं, तो चार वर्षं थांबला आणि मग थांबला नाही. तिनं कधी हूं की चूं केलं नाही. दत्तू बोटीवर चढेल, आपण धक्क्यावरून हात हलवू, हे एकच चित्र तिनं उराशी धरलं होतं. त्या चित्रासाठीच तिनं सही केली होती... आणि आता तो बोटीवर चढलाच, तर चौपाटीवर त्याच्या हातात हात देऊन घेतलेली दीक्षा खोटी ठरणार होती. त्याला त्या कागदाखाली 'सर्व खरे आहे' असं लिहूनच जावं लागणार होतं!

आपण भावाला शिष्यवृत्ती दिली नाही, त्याच्या गळ्यात खोटं बांधलं, हे तिला कळलं ते यंत्रापुढं उभं असताना. तिच्या हातातलं सूत तुटलं आणि तिनं त्या दिवशी गाठ मारली नाही.

शनिवारी अर्ध्या पाळीनंतर ती गिरगावातल्या कचेरीबाहेर बसणाऱ्या चिंतामणी अर्जनवीसाकडं गेली. तो पहिला कागद त्यानंच टाइप करून दिला होता.

"आणखी एक लिहायचंय, चिंतामणीकाका. आम्ही बौद्धच आहोत, तो कागद खोटा होता, भावाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, एवढं दिल्लीला कळवायचं."

म्हाताऱ्याच्या नाकावरचा चष्मा खाली आला. "अहो बाई, डोकं ठिकाणावर आहे ना? शिष्यवृत्ती तर जाईलच, वर खोट्या प्रतिज्ञापत्रापायी तुम्हाला तुरुंग दाखवतील! कुणी आपल्याच पायावर असा धोंडा पाडून घेतं का?"

"म्हणूनच तुम्ही नका लिहू. तुमचं नाव यात नको. मला फक्त कोरा कागद आणि दौत-टाक द्या."

आणि गिरगावातल्या त्या गजबजलेल्या फुटपाथवर, फळकुटावर वाकून, शेवंतीनं आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिलं. सहा ओळींना तासभर लागला. मग तेच पुन्हा दुसऱ्या कागदावर उतरवलं, आणि टपाल कचेरी बंद व्हायच्या आत पहिला कागद रजिस्टर करून टाकला.

रविवारी सकाळी दारात दत्ताराम उभा होता. दाढी वाढलेली, डोळे लाल, हातात तोच लिफाफा. तो तडक आत आला आणि शेवंतीच्या पायांशी बसला.

"आक्का, मी सही केली. मी जातो इंग्लंडला."

शेवंतीच्या हातातलं भांडं खाली पडलं. भिंतीकडं तोंड करून निजलेली म्हातारी उठून बसली.

"काय बोलतोस रे, दत्तू?"

"दोन दिवस विचार केला. मी खरं कळवलं तर तुला धरतील. खोट्याबद्दल तुला तुरुंगात घालून मी खरा होऊ? तेरा वर्षं कापसाच्या धुरळ्यात उभी राहिलीस तू माझ्यासाठी... माझं इमान तुझ्यापेक्षा मोठं नाही गो! लोक थुंकतील तर थुंकू देत. मी उद्या हा लिफाफा टाकतो." आणि तो लहान मुलासारखा रडू लागला.

शेवंती बघतच राहिली. ज्या पोरानं रकान्यातला एक शब्द लिहिताना जगाची पर्वा केली नाही, तो तिच्यासाठी खोट्याखाली सही करून आला होता! ह्याहून मोठं तिला आयुष्यात कुणी काही दिलं नव्हतं, आणि तिला ते नको होतं. तिनं त्याच्या हातातून लिफाफा काढून घेतला, उभा फाडला, आडवा फाडला.

"आक्का! अगो, हे काय केलंस?"

"माझं पत्र कालच गेलं," ती म्हणाली, आणि पोलक्यातून तिनं रजिस्टरची पावती काढली. पावतीबरोबर चार घड्या घातलेली नक्कलही होती.

दत्तारामनं पावती बाजूला ठेवली. त्यानं घडी उलगडली. अक्षरं वेडीवाकडी, ओळी उताराला लागलेल्या.

"वाच," सुंदराबाई म्हणाली. दोन दिवसांतला तिचा पहिला शब्द. "मोठ्यानं वाच."

"आम्ही बौद्ध आहोत," दत्ताराम वाचू लागला. "मागचा कागद मी दिला तो खोटा. भावाला ठाऊक नव्हते. त्याने रकान्यात लिहिले तेच खरे. शिक्षा असेल ती मला द्यावी. त्याला बौद्ध म्हणून देता येत असेल तर द्यावी, नाहीतर नको..." पुढं त्याला वाचवेना.

म्हातारी भिंतीचा आधार घेत उठली. शेवंतीजवळ आली, तिचं डोकं तिनं आपल्या छातीशी ओढलं, आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "माझी बाय ती... पोरी, पेज निवली असेल. ऊठ, मला भाकर करून दे. तुझ्या हातची."

"तुरुंगात घातलं तर गो?" दत्ताराम कसाबसा बोलला.

"तूही जाऊन आलासच की बेळगावला! मी गेले तर काय झालं? आणि तुझं इंग्लंड कुठं पळून जात नाही. दुसरा अर्ज कर. रकान्यात तेच लिही."

तो पुन्हा कागदाकडं बघत होता. अगदी तळाशी, एकाच जागी बघत होता. मग त्यानं बोट ठेवलं आणि रडतारडताच हसला.

"आक्का... टिंब दिलंस?"

शेवंतीनं पदरानं डोळे पुसले, वाकून पाहिलं. होतं खरं, 'व'वर, जरा मोठंच, शाई फुटलेलं.

"आजवर दर खेपेला सांडत आलं रे," ती म्हणाली. "काल सांडू दिलं नाही."