लिटरला ऐंशी

माशांची पिल्लं वाढवणाऱ्या त्या हॅचरीत तिला सगळे पाणीबाई म्हणत. समुद्राचं पाणी पंपाने टाक्यांत यायचं. त्याचा खारेपणा, प्राणवायू आणि अमोनिया दिवसातून तीनदा मोजून वहीत लिहायचा, हे तिचं काम. बारा वर्षांत तिने एकही आकडा अंदाजाने लिहिला नव्हता. स्वभाव विचाराल, तर नाकावर माशी बसू द्यायची नाही.

त्या वर्षी पाच नंबरच्या टाकीत माशांच्या पिल्लांच्या लागोपाठ तीन खेपा गेल्या. टाकी दोन हजार लिटरची, लिटरला वीस पिल्लं, म्हणजे चाळीस हजार जीव. आठ दिवस छान वाढायची. नवव्या दिवशी सकाळी झाकण काढावं, तर नुसतं पाणी. तळाला एक मेलेलं पिल्लू नाही. साहेबांनी खापर फोडलं ते पाण्यावर, म्हणजे तिच्यावर.

"मेलेलं सडतं, साहेब. सडलं की अमोनिया चढतो. इथे शून्य आहे."

"मग काय, पिल्लांना पाय फुटले?" साहेब म्हणाले. "चौथी खेप गेली, तर बाई, तुम्ही दुसरीकडे काम बघा."

ते तिला फार लागलं. साहेबांनी दर वेळी टाकी ब्लीचने धुवायला सांगितली आणि तिने धुतलीही. पण धुण्याआधी जुन्या पाण्याची एक बादली बाजूला काढून ठेवली आणि नव्या पाण्यात ओतली. ही तिथली जुनी रीत. त्या बादलीला विरजण म्हणत. मुरलेल्या पाण्यातले चांगले जंतू नव्या पाण्यात वाढतात आणि पिल्लं तगतात. मात्र पिल्लं गेलेल्या टाकीचं विरजण कोणी ठेवत नाही. तिने तिन्ही वेळा ठेवलं. पाण्यात दोष नाही म्हटलं होतं ना, मग नाही!

चौथ्या खेपेच्या चौथ्या दिवशी तिने नेहमीसारखी लिटरभर पाण्याची बाटली उजेडात धरून पिल्लं मोजली. एकतीस भरली.

"वहिनी, चष्मा बदल आता," तिची नणंद म्हणाली. ती पलीकडच्या खोलीत पिल्लांचं खाद्य वाढवायची. मग ती स्वतः मोजायला बसली. टाकीत पाच ठिकाणी बाटली बुडवली. तीस, एकतीस, एकतीस, तीस, एकतीस. नणंदेची थट्टा तिथेच आटोपली.

सहाव्या दिवशी बावन्न झाली.

पाणीबाईने बाटली बूच लावून तासभर ठेवली. आत जितके जीव, तितका प्राणवायू उतरतो. हा हिशेब तिला तोंडपाठ होता. प्राणवायूचा मीटर अठ्ठ्याण्णव टक्क्यांवरून चौऱ्याण्णववर आला. म्हणजे श्वास घेणारी वीसच. खाद्यही विसांचंच संपत होतं.

"मग बाकीची बत्तीस?" नणंदेने विचारलं.

"मला काय विचारतेस? पाणी वीस म्हणतंय."

नणंद बाटलीजवळ वाकली. "दुसऱ्या खेपेत बऱ्याच पिल्लांच्या शेपट्या वाकड्या होत्या, आठवतं? या खेपेत एकही तसं नव्हतं."

बाटलीत तशी सात होती.

दुपारी साहेबांनी वही चाळली. बादलीची नोंद तिने तीनही वेळा स्वच्छ अक्षरात केलेली होती. लपवाछपवी तिच्या रक्तात नव्हती. साहेब ब्लीचचा कॅन घेऊनच आले.

"रोगट पाणी ओतलंत? आत्ताच्या आत्ता टाकी रिकामी करा."

तिने खुर्ची ओढली आणि निचऱ्याच्या नळासमोर ठाण मांडलं.

"नवव्या दिवसापर्यंत या नळाला कोणी हात लावायचा नाही. पिल्लं गेली तर टाकी मी धुते आणि माझ्या पायांनी घरी जाते. पण पोहणाऱ्या जिवांवर ब्लीच? माझ्या देखत नाही."

साहेब कॅन तिथेच ठेवून निघून गेले.

नवव्या दिवशी सकाळी तिने झाकण काढलं.

टाकी गच्च भरलेली होती.

लिटरला ऐंशी. चारही खेपांची वीस-वीस.

साहेब काठाशी उभे राहून हसले. "मानलं, बाई. तुमचंच खरं." फोन करायला ते बाहेर गेले, नणंदही मागोमाग गेली.

तिने बाटली भरली, बूच लावलं, घड्याळ बघितलं. तासाने मीटरची कांडी आत घातली.

अठ्ठ्याण्णव.

प्राणवायू तसूभरही उतरलेला नव्हता. शेजारच्या टाकीत मीटर बरोबर चालत होता. तिने अमोनिया तपासला. शून्य. ऐंशीच्या ऐंशी पिल्लं काचेशी येऊन तिच्याकडे तोंड करून उभी होती, आणि एकाचाही कल्ला हलत नव्हता.

ती खुर्चीत बसली. मग तिला राग आला, स्वतःच्या भीतीचाच.

तीन वेळा गेली आणि तीन वेळा परत आली. त्यांना मेली ठरवणारी मी कोण?

तिने बाटली टाकीत ओतली आणि कांडी पुसून टेबलावर ठेवली.

"वहिनी!" दारातून नणंद ओरडली. "साहेब विचारताहेत, जिवंत किती लिहायची?"

वहीत दोनच रकाने होते, जिवंत आणि मेलेली.

"सगळी!" ती ठणकावून म्हणाली. "लिटरला ऐंशी. सगळी जिवंत!"

नणंद गेली.

टाकीत एक लाख साठ हजार तोंडं एकदमच उघडली.

टेबलावर मीटर चालूच होता. कांडी आता खोलीतल्या हवेचा प्राणवायू मोजत होती, आणि हवेत ती नेहमी शंभर दाखवते. तिच्या डोळ्यांदेखत नव्व्याण्णव झाले. मग सत्त्याण्णव. मग त्र्याण्णव.

बंद खिडकी दोन पावलांवर होती. तिने पेन उघडलं आणि आकडा लिहून घेतला.