फागुनातला गवना

शामकला गेल्याची खबर सुकराम न्हाव्यानं आणली, तेव्हा परसराम खळ्यावर धान चुरत होता. बैल गोल फिरत होते आणि तो मागून हाकत होता. सुकरामनं मुंडासं काढून हातात धरलं आणि परसरामच्या वडिलांना, उदाराम पाटलांना म्हणाला, "पाटील, तुमची सून गेली जी. तापानं. परवा सांजेले."

परसरामच्या हातातला कासरा सुटला. बैल मात्र थांबले नाहीत.

आई ओट्यावरून उठली. तिनं डोळ्याला पदर लावला, कारण अशा वेळी लावायचा असतो. म्हणाली, "बिचारी. आमचं घर पायलं नाही तिनं. आमीबी तिले लगनातच पायलं, एवढीशी होती." तिनं गुडघ्याजवळ हात धरून दाखवला.

लग्न झालं तेव्हा नवरी बापाच्या कडेवर झोपलेली होती. नंतर रिवाजाप्रमाणे ती माहेरी राहिली, वैनगंगेच्या पलीकडच्या काठाला. पोरगी मोठी झाली की गवना करून तिला सासरी आणायचं. तोवर नवराबायकोनं एकमेकांचं तोंड पाहायचं नाही. यांचा गवना फागुनात ठरला होता. आता माघ चालू होता.

"पोराचं नशीब म्हना," गोवर्धनकाका म्हणाले. "घरात येऊन गेली असती तं जास्त दुखलं असतं. गवना नाही झाला, तं सुतकबी नाही. कामठ्याले एक पोरगी आहे, पाहून ठेवू."

परसरामकडे कोणी फारसं पाहिलं नाही. जी बायको पाहिलीच नाही, तिच्यासाठी माणूस रडेल कसा? त्यानं खाली वाकून कासरा उचलला आणि पुन्हा बैलांमागं चालू लागला.

त्यानं तिला पाहिलं होतं. घरात कोणाला माहीत नव्हतं, एवढंच.

चार महिन्यांपूर्वी, आश्विनात, वैनगंगेचं पाणी नुकतं निवळलं होतं. परसराम गोंदियाला राहून शिकला होता आणि नदीपलीकडे डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या शाळेत नवीनच मास्तर लागला होता. शनिवारी शाळा सुटली की तो बकाराम ढिवराच्या डोंग्यातून अलीकडे यायचा आणि तिरोड्याच्या रस्त्यानं घरी जायचा. डोंगा म्हणजे एका झाडाचं कोरलेलं खोड. चार माणसं बसली की पाणी अगदी कडेला यायचं.

त्या शनिवारी डोंग्यात दोन बायका होत्या. एक पोक्त. दुसरी तरणी, मांडीवर शिंगाड्यांची टोपली घेतलेली. मास्तरला घरची घाई होती. काठ अजून हातभर लांब होता, तेवढ्यात त्यानं उडी मारली. तो काठावर गेला आणि डोंगा मागं गेला. तरणी नेमकी उठत होती... ती मटकन खाली बसली आणि शिंगाडे पाण्यात सांडले.

"डोळे आहेत का तुमाले?" ती ओरडली.

"चुकलो जी," परसराम म्हणाला. पण मास्तरकी नवी होती, गप्प बसवेना. "उडी मारताना पायानं डोंग्याले मागं ढकललं ना मी. मी जेवढ्या जोरानं पुढं, तेवढ्याच जोरानं डोंगा मागं रेटला जाते. नियमच आहे तसा."

"ठाऊक होता नियम?"

"हाव. पोराइले शिकवतो मी."

"मंग उडी काऊन मारली जी?"

पोक्त बाई पदराआड हसली. बकाराम उघडच हसला. "मास्तर नापास!"

परसराम मुकाट्यानं गुडघाभर पाण्यात शिरला आणि शिंगाडे वेचू लागला. पोक्त बाईला त्याची दया आली. "कोनाचा गा तू, बापू?"

"उदाराम पाटलाचा. परसराम."

टोपली धरलेला तरणीचा हात थबकला. तिनं डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला आणि त्यानंतर एक शब्द बोलली नाही. वळणावरून परसरामनं मागं पाहिलं, तर तिचे खांदे हसून हलत होते. त्याला वाटलं, आपल्या भिजलेल्या धोतराला हसते आहे.

पुढच्या शनिवारी तो घाटावर लवकर आला. शाळा लवकर सुटली, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पोक्त बाई म्हणजे कुंताकाकू. तिचं माहेर अलीकडच्या काठाला, आणि तिथं तिची आई आजारी होती. म्हणून ती दर शनिवारी पुतणीला सोबत घेऊन यायची. पुतणीच्या गळ्यात काळी पोत होती, म्हणजे लग्न झालेलं. आणि लग्न तर त्याचंही झालेलं होतं. परसरामनं ठरवलं, आपण पाण्याकडे पाहायचं.

पण ती पाहू देईल तर ना!

"मास्तर, आज उडी नाही का?"

"नाही."

"नियमाले भेता?"

"तुमाले भेतो," तो बोलून गेला... आणि त्याचे कान तापले. काकूला एकदम खोकला आला.

असे किती शनिवार गेले. कधी भुरभुर पाऊस यायचा आणि सगळे एकाच घोंगडीखाली डोकं लपवायचे. तिचं कोपर त्याच्या कोपराला लागायचं, आणि दोघंही ते हलवायचे नाहीत. घरी गेल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटायची. पलीकडे आपली बायको आहे, ती कोण, कशी, आपल्याला माहीत नाही, आणि आपण...

एकदा तिनंच विचारलं, "तुमची बायको कशी आहे जी?"

"पायली नाही. गवना व्हायचा आहे."

"ऐकलं तं असंल काही?"

"म्हणतात का... सावळी आहे. आन् तोंडाची जरा तिखट."

"कोन म्हनते?" ती अशी उसळली की डोंगा कलंडायला लागला.

"सांग वं आता त्याले!" काकू हसून हसून डोळे पुसत म्हणाली. "नाही तं डुबवशीन आमाले."

तिनं हात पाण्यात बुडवला. पाण्याकडेच पाहत हळूच म्हणाली, "सेवकराम बिसेनाची पोरगी आहो मी."

सेवकराम बिसेन म्हणजे परसरामचा सासरा.

डोंगा अर्ध्या नदीत होता. बकारामनं बांबू रोवायचा थांबवला.  परसरामला इतके दिवस ज्या गोष्टीची लाज वाटत होती, तिचंच आता हसू यायला लागलं.

"म्हणजे... पहिल्या दिवशीच वळखलं तुमी?"

"बापाचं नाव तुमीच सांगितलं."

"आन् बोलल्या नाही?"

"मास्तर नियम शिकवून राहिले होते. मधात कायले बोलू?"

बकाराम तोंड फिरवून म्हणाला, "मी काही आयकलं नाही बाप्पा. मले नदीचा आवाज येते."

सांगता येणार नव्हतंच कोणाला. गवन्याआधी नवऱ्याला भेटते, असं कानावर गेलं असतं तर लोकांनी तिलाच नावं ठेवली असती. आणि गवन्याचं तर घरी कोणी नावच काढत नव्हतं. धान निघालं की पाहू, म्हणायचे. नवऱ्या मुलानं स्वतः तो विषय काढणं म्हणजे निव्वळ निर्लज्जपणा.

"तुमीच तं सांगता," शामकला म्हणाली, "ढकलल्याबिगर जागची वस्तू हालत नाही. मंग ढकला ना मामाजीले."

त्यानं ढकललं. जेवताना, ताटाकडे पाहत, म्हणाला, "बाबा, फागुनात मले सुट्टी आहे."

वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं. मिशीवरून हात फिरवला. "बरं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात सेवकराम बिसेनांकडे निरोप गेला आणि फागुनातला मुहूर्त निघाला.

पौषात शेवटची भेट झाली. काकूची आई बरी झाली होती. नदीवर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. बकारामनं बांबू वर उचलून धरला आणि डोंगा आपल्याच वेगानं सरकत राहिला.

"आता कोनी ढकलून नाही राहिलं," शामकला म्हणाली. "मंग हा चालते कसा?"

"चालू झालेली वस्तू चालतच राहते. कोणी अडवलं तरच थांबते."

"पन हा तं थांबते हळूहळू."

"पाणी अडवते त्याले. पाणी नसतं, वारा नसता, काहीच आड आलं नसतं, तं हा चालतच राहिला असता."

"कुठवर?"

"कुठवरबी."

 "असं कोठी असते जी?" ती म्हणाली. "काही ना काही आड येतेच."

 परसरामनं विचारलं, "फागुनापर्यंत मी काय करू?"

"पोराइले शिकवा." तिनं एक शिंगाडा दातानं सोलला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. बोटं ओली होती, गार होती. ती लगेच काढून घेतली नाहीत. "आता येईन ते तुमच्या घरीच."

खळ्यावर बैल फिरत होते. काका कामठ्याच्या पोरीबद्दल बोलत होते, तिच्या बापाची शेती किती, भाऊ किती. परसराम बैलांमागं चालत होता, चालत होता... मग तो थांबला. त्यानं बैल थांबवले.

"बाबा, मी नदीवर जातो. आंघोळीले."

"कायले?" काका म्हणाले. "सांगितलं ना, सुतक नाही लागत."

"लागते. माझी बायको होती ते."

"पायलंबी नाही तिले तू!"

"पायलं आहे."

 सुकराम न्हावी मुंडासं बांधता बांधता थांबला.

"डोंग्यात भेटलो आमी," परसराम म्हणाला. "अश्विनापासून. तिची काकू सोबत राहे. तिच्याकून काही चुकलं नाही. मीच लवकर जाऊन घाटावर बसत होतो."

 काका काही म्हणणार होते, पण उदाराम पाटलांनी हात वर केला.

आई जवळ आली. या वेळी तिनं पदर लावला नाही. डोळ्यातलं पाणी तसंच वाहत होतं. तिनं त्याच्या अंगावरचा धानाचा भुसा झटकला आणि हळूच विचारलं, "कशी होती रे, बेटा?"

परसरामनं तोंड उघडलं. सांगण्यासारखं इतकं होतं की कुठून सुरुवात करावी ते कळेना. तो आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, सगळ्यांसमोर, लहान पोरासारखा.

वडील घरात गेले आणि दोन धोतरं घेऊन बाहेर आले. एक खांद्यावर टाकलं, एक मुलाच्या हातात दिलं.

"चाल," म्हणाले. "मीबी येतो."

दोघं बापलेक नदीवर गेले. पाणी थंड होतं. दोघांनी सुतकाची आंघोळ केली आणि परत आले. काकांनी कामठ्याचं नाव पुन्हा काढलं नाही. राहिलेलं धान त्या आठवड्यात चुरून झालं.

गवना राहिला.