निरोप वाचायच्या आधी

यंत्रासमोरची खुर्ची रिकामी आहे, हे मी दारातूनच पाहिलं. माझ्या जागेवर जाऊन वायर घेतली, परत आले… तर खुर्चीत एक अनोळखी माणूस. बाह्या दुमडलेल्या, आणि चेहरा असा की याने जन्मात कधी घाई केली नसावी.

"अहो, मी पाहिलं तेव्हा इथे कोणी नव्हतं," मी म्हटलं.

"मीही पाहिलं तेव्हा कोणी नव्हतं." तो उठला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "पाहणं आणि बसणं यांच्यामध्ये फट राहिली. त्या फटीत दुसरा शिरला की घोळ. रेस कंडिशन म्हणतात ती हीच. तुमच्या यंत्रातही असंच काहीतरी होत असणार."

म्हणजे हाच तो पाहुणा. आमचं यंत्र तान्ह्या बाळांना श्वास देणारं. ते अजून दवाखान्यात गेलं नव्हतं, कारण हवेचा दाब घसरला तरी क्वचित कधीतरी त्याचा भोंगा वाजतच नसे. आम्ही डोकं फोडून थकलो, तेव्हा साहेबांनी दुसऱ्या शाखेतून कर्नलचा जाणकार मागवला. कर्नल म्हणजे यंत्राच्या तळाशी बसून कुठल्या कामाला कधी पाळी द्यायची ते ठरवणारा प्रोग्राम. बिघाड सापडेपर्यंत पाहुणा आमचा, सापडला की परत.

मी मात्र घाईची. ताई म्हणते, मी समोरच्याच्या तोंडातून वाक्य काढून घेते. त्यामुळे पाहुण्याला दाखवून द्यायचं म्हणून मी त्याच आठवड्यात बिघाड घालवला. प्रोग्राममध्ये जागोजागी ओळी घातल्या, प्रत्येक काम काय करतंय ते पडद्यावर छापणाऱ्या. त्यानंतर भोंगा एकदाही चुकला नाही. मी साहेबांना सांगून आले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यानेही वाजवल्या.

सगळे पांगल्यावर तो माझ्याजवळ आला. "त्या ओळी काढून बघाल का?" अगदी हळू म्हणाला.

काढल्या… आणि भोंगा पुन्हा मुका.

"गेला नव्हता, लपला होता," तो म्हणाला. "छापायला वेळ लागतो ना, तेवढी कामांची चाल बदलली. आपण बघायला गेलो की हा शहाण्यासारखा वागतो."

"मग टाळ्या कशाला वाजवल्या?"

"तुम्ही खूश दिसत होता."

चारचौघांत त्याला माझी फजिती करता आली असती. त्याने केली नाही. त्या दिवसापासून मी त्याच्याकडे बघायला लागले, आणि एकदा बघायला लागल्यावर थांबवेना. चाचणीसाठी बाळाऐवजी यंत्राला जोडलेलं रबरी फुप्फुस समोर फुगायचं, बसायचं, आणि तो हनुवटीवर हात ठेवून त्याच्याकडे तासन्‌तास बघायचा. माहीत नसलं की सरळ "माहीत नाही" म्हणायचा. इतक्या हुशार माणसाला ते इतकं सहज म्हणता येतं, याचं मला फार कौतुक वाटायचं. माझी नजर उचलली की त्याची खाली, त्याची उचलली की माझी पडद्यावर. आमचा दोघांचा मेळ काही बसत नव्हता.

मधूनच तो सुरुवात करायचा, "मला तुमच्याशी जरा…"

"वायर हवी ना? घ्या," मी म्हणायचे.

तो वायर घेऊन जायचा.

एका दुपारी तो पुन्हा आला. ऊन खिडकीतून त्याच्या खांद्यावर पडलं होतं. "मला तुमच्याशी जरा…"

"चहा ना? चला, मीही येते."

"हो… चहा," तो म्हणाला. पण त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी पुसलं गेलं, आणि या वेळी ते मला दिसलं. त्याने निरोप आणला होता. मी तो वाचायच्या आधीच पुसला होता.

मी जिन्यात थबकले. यंत्रातही दाब बदलला की तो मोजणारं काम एक निरोप ठेवतं आणि खूण वर करतं. भोंग्याचं काम निरोप वाचतं, मग खूण खाली करतं. वाचून झालं, खूण अजून वरच, आणि नेमकी तेव्हाच कर्नलने पाळी दुसऱ्याला दिली तर? नवा निरोप येऊन पडेल, आणि परत पाळी आलेलं भोंग्याचं काम, जुनाच समजून, खूण खाली करून मोकळं होईल. नवा निरोप कोणी बघणारच नाही.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं आणि माघारी पळाले. प्रोग्राम उघडून पाहिला, तसंच होतं. वाचणं आणि खूण खाली करणं, ही दोन पावलं एका दमात टाकायला हवी होती, मध्ये कुणाला पाळी न देता. दुरुस्ती केली. या वेळी छापायची एकही ओळ घातली नाही. चाचणी लावली, आणि दाब कितीही वेळा पाडला तरी भोंगा प्रत्येक वेळी ठणठणीत वाजला.

आणि मला रडू आलं. कारण आता तो जाणार होता. मी गप्प राहिले असते तर? अजून चार दिवस तो समोर बसला असता… कुणाला कळलंही नसतं. मी डोळे पुसले आणि त्याला शोधायला निघाले. तो चहाच्या मशीनपाशी दोन कप घेऊन उभा होता.

त्याने येऊन प्रोग्राम वाचला. सावकाश, नेहमीसारखा. मग माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी नजर खाली घेतली नाही.

"सुंदर," तो म्हणाला. "मी इतके दिवस याच्याच शेजारून जात होतो." मग हातातले कप टेबलावर ठेवले. "हा सापडला की मी परत जाणार, हे माहीत होतं ना तुम्हाला?"

"हो."

"तरी धावत आलात."

"बाळांचं यंत्र आहे. ते काय माझ्यासाठी अडून राहणार?" मी म्हटलं. एकदा सुरुवात केली की मला थांबता येत नाही. "पण तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. फार वाटतं."

त्याने खुर्ची ओढली आणि समोर बसला. "मला तुमच्याशी जरा…"

मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"…बोलायचं होतं. रोजच बोलायचं होतं, आणि रोज तुम्ही माझ्या हातात काहीतरी देऊन मला परत पाठवत होता. माझ्याकडे आता पुष्कळ वायरी जमल्यात." तो हसला, मग गंभीर झाला. "शनिवारी मी जातो. तिथलं आवरतो, आईला सांगतो आणि परत येतो. कामासाठी नाही. तर… तुम्ही माझ्याशी…"

"हो," मी म्हणाले.

"अहो, प्रश्न तरी पूर्ण होऊ द्या."

"कर ना पूर्ण. उत्तर तेच राहणार आहे."

मी त्याला अरे-तुरे केल्याचं माझ्या आधी त्याच्या लक्षात आलं, आणि तो सावकाश माणूस एका क्षणात कानांपर्यंत लाल झाला.