घळीच्या तोंडचा दगड

बैस प्रणाली. शेजारीण असून इतके दिवस विचारलं नाहीस, आज विचारलंस म्हणून सांगते. देवघरातला तो पांढरा दगड म्हणजे देव नव्हे. पण हात लावू नको.

मागच्या थंडीत आईचं वर्षश्राद्ध झालं आणि बाबांना घेऊन मी नर्मदेत दिवा सोडायला गेले. भेडाघाटच्या पलीकडे, जिथे तिची रक्षा सोडली होती तिथेच. बाबांचा जन्म फॅक्टरीत गेला, पण आता डोकं साथ देत नव्हतं. माझं नावसुद्धा विसरले होते. मी दिव्याचे द्रोण घ्यायला वळले, तेवढ्यात बाबा दिसेनासे झाले.

तिकडची जमीन तू पाहिली नाहीस. वरून सपाट रान वाटतं, आणि आत घळीतून घळी फुटलेल्या. मोबाईलला रेंज नाही. पोलिसांनी ड्रोन उडवला, त्याला झाडांचे शेंडे दिसले. माणूस हाकेच्या अंतरावर बसला असला तरी दिसू नये, अशी ती जागा. एक रात्र बाबांनी उघड्यावर काढली होती. दुसरी निघणार नाही, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

नावाडी नीलकंठ बर्मन आपली माणसं घेऊन आला. देव त्याचं भलं करो. त्यांची एक रीत आहे. घळीत उतरताना तोंडाशी एकेक दगड ठेवायचा आणि वर आल्यावर आपापला उचलायचा. दगड उरला तर माणूस आत आहे, मग कोणी घरी जायचं नाही. मीही माझा ठेवला.

ते सगळे ‘दादाजी, दादाजी’ ओरडून राहिले होते. मी ‘बाबा’ म्हणत होते. पण आपण कोणाचे बाबा आहोत हेच ज्याला आठवत नाही, तो ओ कसा देणार गं?

दिवस कलला. घळीत अंधारून आलं, पाखरं गप्प झाली. माझा तर घसाच बसला होता. आणि कुठूनसा माक्याच्या तेलाचा वास आला... आई लावायची ते.

“अहो... ऐकलं का?”

माझ्या अगदी मागून. आईनं जन्मभर बाबांचं नाव घेतलं नाही, हीच तिची हाक. माझे ओठ मिटलेले होते, आणि त्या घळीत मराठी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

खालच्या कपारीतून उत्तर आलं. “आलो गं...”

बाबा काठाशी बसले होते. त्यांच्या पुढे जमीनच नव्हती, खाली नुसतं पाणी. मी धरलं तर शांतपणे म्हणाले, “ती म्हणाली, पुढे जाऊ नका. सुखदाला पाठवते.”

वर्षभरानं माझं नाव घेतलं त्यांनी. मी तिथेच ढसाढसा रडले.

वर आलो. ज्यानं त्यानं आपला दगड उचलला, तरी एक उरला. पांढरा, ओला. बाबांनी तर ठेवलाच नव्हता. नीलकंठनं पुन्हा सगळी माणसं पाहिली आणि जागचा हलेना.

“दीदी, वो माताजी अभी अंदर हैं,” तो हळूच म्हणाला. “आवाज़ मैंने भी सुनी.”

भीती वाटली, खोटं काहून बोलू? पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी छातीत दाटून आलं होतं. तिला एकटीला तिथे कशी ठेवू? मी तो दगड उचलून पदरात घेतला आणि म्हटलं, “चलो भैया. सब आ गए.”

नीलकंठकडे संक्रांतीला तिळगूळ पाठवते. देवघरात रोज हात जोडते ते कोणापुढे, तुला कळलंच असेल.

फक्त एक आहे. आता बाबांना जेवायला बोलवावं लागत नाही. पानं वाढून झाली की ते आपणच उठतात, “आलो गं” म्हणतात. मी स्वयंपाकघरातच असते, प्रणाली... आणि मी हाक मारलेली नसते.