डाव्या सीटवरचं वजन

सिग्नलला ती गाडी माझ्या स्कूटरशेजारी येऊन थांबली, आणि हिरवा दिवा लागलेला मला कळलाच नाही. जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार… गडद हिरवी, दोनच सीटची, छप्पर उघडं. खोटं कशाला बोलू, आधी मी गाडीच पाहिली. गाडीवाला नंतर.

"तुमची गाडी डावा खांदा उडवतेय," मी म्हटलं.

"अं?"

"डावीकडून उचलली गेलीय. आणि पुढून खट् खट् वाजतंय. सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश गेलेत."

"कसे जातील? मी स्वतः नवे बसवलेत!" स्वारी तोऱ्यात होती.

"जॅकवर चढवून? आणि चाक लोंबकळत असतानाच नट आवळलेत ना?"

मागच्यांनी हॉर्नचा सपाटा लावला. मी मामांच्या गॅरेजचा पत्ता ओरडून सांगितला आणि निघाले. तो येणार, याची मला खात्री होती.

आला. पण तोरा कुठल्या कुठे गेला होता. गाडी त्याच्या आईची होती. लग्नाआधी तिने हौसेने घेतलेली. आता प्रत्येक स्पीडब्रेकरला तिच्या कमरेत कळ जायची.

"रविवारी गिऱ्हाईक येतंय," तो म्हणाला. "त्याआधी आई एकदाच बसून बघणार आहे. कंबर दुखली, तर गाडी गेली."

"नाही जाणार."

"एवढी खात्री?"

"गाडीबद्दल आहे. तुमच्याबद्दल अजून विचार चाललाय."

आतून मामा उगाचच खोकले.

चाक काढलं, तर माझं म्हणणं खरं निघालं. रबर पिळवटून फाटलं होतं. "चाक लोंबकळत असताना नट आवळला की रबर तसंच जखडतं," मी त्याला दाखवलं. "मग गाडी जमिनीवर आली, की बिचारं कायम पिळलेलंच. धड लवत नाही आणि शेवटी फाटतं. नट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना, आत नेहमीची माणसं बसलेली असताना."

नवे बुश आले. शनिवारी आम्ही गाडी गॅरेजमधल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली आणि मामा पाना घेऊन खाली उतरले. तो स्टिअरिंगपाशी बसला.

"डावीकडे नेहमी कोण असतं?" मामांनी खालून विचारलं.

"आई बसायची. आता…" तो माझ्याकडे बघत होता, "रिकामीच असते."

अशा वेळी आम्ही सीटवर वाळूचं पोतं ठेवतो. पोतं कोपऱ्यातच होतं. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि सरळ दार उघडून आत बसले.

"हलू नका रे दोघं!" मामा ओरडले.

एवढीशी गाडी… कोपराला कोपर लागत होतं.

"श्वास घेतलेला चालेल?" तो कुजबुजला.

"हळू घ्या."

"तुमच्या हाताला ग्रीस लागलंय."

"ते कायमचंच आहे. चालवून घ्यावं लागेल."

"कुणाला?"

"जो विचारेल त्याला."

"मला सगळं ऐकू येतंय हं!" खड्ड्यातून आवाज आला.

तो हसला, आणि माझ्या लक्षात आलं… गाडी बरी झाली, की याचं येणं संपलं. एखादा नट ढिला राहिला, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा दारात हजर होईल… पण अर्धवट काम माझ्या हातून होत नाही.

"मामा, अजून जरासा आवळा," मी म्हटलं.

रविवारी काकू, म्हणजे त्याची आई, आल्या. कमरेवर हात ठेवूनच डावीकडे बसल्या, आणि गाडी फाटकाबाहेर गेली. मी हातातला स्वच्छ पाना पुन्हा पुन्हा पुसत राहिले. बराच वेळ गेला. गाडी परतली तेव्हा स्टिअरिंगवर काकू होत्या! आणि लेक शेजारी, केस विस्कटलेला.

"त्या गिऱ्हाइकाला कळव," काकू उतरता उतरता म्हणाल्या. "गाडी विकायची नाही म्हणावं." आणि मामांनी पुढे केलेल्या खुर्चीकडे न बघता ताठ उभ्या राहिल्या.

तो माझ्याजवळ आला. "आता यायला काही कारणच उरलं नाही. नवीन काहीतरी शोधावं लागेल."

"गाडीला हात लावलात तर याद राखा," मी म्हटलं. "मला तुम्ही आवडता. हे कारण पुरेल?"

त्याचे कान लालबुंद झाले. "मी कालपासून वाक्य जुळवतोय… आणि तुम्ही असं एका दमात…"

"पुरेल की नाही?"

"पुरेल. जन्मभर पुरेल." मग हळूच म्हणाला, "पण त्या डाव्या सीटवर दुसरं कुणी बसलं तर?"

"बसू दे की. काकू बसतील, पाहुणे बसतील. गाडी कुरकुरणार नाही." मी दार उघडून आत बसले. "फक्त नट माझ्या वजनावर आवळलेत, एवढं लक्षात ठेवा."

त्याने गाडी काढली. फाटकाबाहेरचा स्पीडब्रेकर आला आणि गेला. कुठे काही वाजलं नाही.